पूजा, आराधना आणि आदर



"तुम्ही कॅथोलिक लोक मरियेची पूजा करता ना?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना कामाच्या ठिकाणी, लोकलच्या डब्यात किंवा दारावर आलेल्या एखाद्या पंथाच्या प्रचारकाकडून ऐकावा लागतो. घरभेटीच्या वेळी तरुण मुलेमुली आम्हाला सांगतात, "फादर, काय उत्तर द्यावे तेच सुचत नाही." कोणी गप्प बसतो, कोणी रागावतो, आणि एखादा समाधान न झाल्यामुळे हळूहळू मिस्साला येईनासा होतो.

ख्रिस्तसभेला हे दुखणे नवे नाही. इ.स. 787 मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत पवित्र प्रतिमांचा प्रश्न चर्चेला आला. तेथील धर्मगुरूंनी ग्रीक भाषेतले दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवले. 'लात्रेया' म्हणजे आराधना. ती केवळ परमेश्वराची. 'प्रोस्किनेसिस' म्हणजे वाकून केलेले वंदन. ते राजालाही करतात आणि प्रतिमेलाही करता येते. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दिसणाऱ्या व्यक्तीला पोहोचतो, असे परिषदेने शिकवले.

पुढे या कामकाजाचे रोममध्ये लॅटिन भाषांतर झाले आणि ते फारच ढिसाळ होते. वंदनासाठी 'आदोरात्सियो' हा शब्द वापरला गेला. लॅटिन वाचकाला तो आराधनेसारखाच वाटला. सायप्रसच्या एका बिशपांनी आराधना फक्त पवित्र त्रैक्याची, असे म्हटले होते. भाषांतरात ते नेमके उलटे झाले. शार्लमेन राजाच्या पंडितांनी हे वाचून कपाळाला हात लावला! त्यांनी खंडनाचा भला मोठा ग्रंथ लिहिला आणि 794 साली फ्रँकफुर्टच्या परिषदेने ग्रीकांनी कधीच न शिकवलेल्या शिकवणीचा निषेध केला. पोप पहिले हेड्रियन यांनी नायसियाची बाजू घेतली, तरी गैरसमज बराच काळ रेंगाळला. नवे, अधिक चांगले भाषांतर व्हायला नववे शतक उजाडावे लागले.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 'पूजा' हा शब्द फार ऐसपैस आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, दिवाळीत वह्यांची होते, गुरूंचीही होते. तेव्हा शेजारचे हिंदू काका हा प्रश्न विचारतात, त्यात बहुधा दोष काढलेला नसतो. तुम्ही मरियेला मानता का, एवढेच त्यांना विचारायचे असते. त्यांना "हो काका, फार मानतो" म्हणावे. प्रचारक मात्र तोच शब्द 'देवाची आराधना' या अर्थाने वापरतो. त्याला "नाही" हेच खरे उत्तर आहे. म्हणून आधी विचारावे, "पूजा म्हणजे तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे?" पुष्कळदा वाद तिथेच निवतो.

त्याला आणखी एक गोष्ट दाखवता येईल. 'नमो मरिया' या प्रार्थनेत आपण तिच्याकडे काय मागतो? आपल्यासाठी विनंती करावी, एवढेच. देवाकडे कोणी अशी मागणी करत नाही.

पण आपली जीभ तरी कुठे नेमकी आहे? बांद्र्याच्या जत्रेहून येताना आपण सहज म्हणतो, "माऊंट मेरी मला पावली." प्रेमाचे बोलणे आहे, आम्ही ते खोडणार नाही, मात्र देणारा परमेश्वर आहे हे मुलांना सांगायला हवे. पुतळ्याला 'मूर्ती' म्हणतानाही जपावे. हिंदू बांधव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात. आपल्या पुतळ्याला केवळ आशीर्वाद दिला जातो. शब्द बदलला की ऐकणाऱ्याची समजूतही बदलते.

नोव्हेनाचे फलक लिहिणाऱ्या युवकांना एक विनंती. 'पवित्र मरियेची आराधना' असे लिहू नका, 'पवित्र मरियेची भक्ती' लिहा. 'आराधना' हा शब्द पवित्र साक्रामेंताच्या तासासाठी राखून ठेवा.