वेषरचनेचें शिक्षण

वेषरचना शिकावयास महाविद्यालयांत कशास जावें, असें कांहीं पालक विचारतात. त्यांस आम्ही एक उदाहरण देतों. कोल्हापुरांत १९२९ सालीं जन्मलेल्या भानू अथय्या यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत चित्रकलेचें शिक्षण घेतलें व पुढें चित्रपटांची वेषरचना हातीं घेतली. ‘गांधी’ चित्रपटांत बॅरिस्टराच्या विलायती पोषाखापासून खादीच्या पंचापर्यंतचा पालट प्रेक्षकांस डोळ्यांनीं दिसतो. त्या वेषरचनेबद्दल त्यांस जॉन मोलो यांच्यासह १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

कापडास कात्री लावण्यापूर्वीं काळ, प्रदेश, व्यवसाय व कापडाचा पोत यांचा विचार करावा लागतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं इतिहास व रेखाटन यांची हयगय करूं नये. आणि पालकांनीं नकार देण्यापूर्वीं पाल्याची चित्रवही एकदां अवश्य पाहावी.