मूल अंगठा चोखते : काय करावे, काय टाळावे?



ऊसलागण, खोडवा, पाणीपाळी, खताचे हप्ते यांची माहिती आपण नेहमीच वाचता. आज आम्ही घरातल्या एका नेहमीच्या प्रश्नाबद्दल लिहीत आहोत.

वेल्ह्याच्या खोऱ्यात भातलावणी काय आणि उसाची खुरपणी काय, बायामाणसांच्या हाताशिवाय होत नाही. आई वाफ्यात, आजी चुलीपाशी आणि मूल बांधावरच्या झोळीत, असे चित्र पुष्कळ घरांत असते. मूल अंगठा तोंडात घालून गप पडते. 'बरं झालं, रडत नाही,' असे आपण म्हणतो. तेच मूल तीन वर्षांचे झाले, की 'ही खोड मोडलीच पाहिजे' म्हणून सगळे घर त्याच्या मागे लागते. या दोन्ही वेळी जरा थांबून विचार केला पाहिजे.

असे का होते?

चोखणे हे मूल जन्माला येताना बरोबर घेऊनच येते. पोटातले बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. चोखता आले नाही, तर त्याला अंगावर पिताच येणार नाही. पुराणातल्या मांधात्याला आईचे दूध नव्हते, तेव्हा इंद्राने त्याला आपले बोट चोखायला दिले, अशी कथा आहे. वडाच्या पानावरचा बाळमुकुंद पायाचा अंगठा चोखतो, हे चित्र तर आपण सर्वांनी पाहिले आहे. चोखल्याने मूल शांत होते, हे जुन्या माणसांनाही ठाऊक होते.

तान्हे मूल हात तोंडाकडे नेऊ लागले, की पहिला अर्थ भूक असा घ्यावा. ही रडण्याच्या आधीची खूण आहे. तेव्हा त्याला अंगावर पाजावे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय वरचे काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पुढे मूल झोप, कंटाळा, भीती किंवा एकटेपणा यांमुळे अंगठा चोखते. घरात दुसरे बाळ आले, की सुटलेली सवय पुन्हा लागते. बहुतेक मुले 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान ती आपोआप सोडतात.

दातांचे काय?

झोपताना थोडा वेळ अंगठा तोंडात ठेवणारे मूल आणि दिवसभर जोर लावून चोखणारे मूल, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वरचे दात पुढे येतात, खालचे आत झुकतात, तोंड मिटले तरी पुढच्या दातांत फट राहते आणि टाळू अरुंद होतो. दुधाचे दात असतानाच सवय सुटली, तर ही फट बहुधा आपोआप भरून येते. कायमचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याच्या आत सवय सुटावी, एवढे धोरण पुरे. चार वर्षांनंतरही सवय जोरात असेल, तर दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावे.

अंगठ्याला काय लागले आहे?

आम्हाला अधिक काळजी वाटते ती याची. अंगठ्यावरची माती पोटात गेली, की जंत आणि हगवण आलीच. पण शेतात मातीपेक्षा वाईट गोष्टी असतात. खताच्या रिकाम्या पोत्यावर मूल बसवले जाते. बेणेप्रक्रिया केलेल्या टिपऱ्यांशी ते खेळते. फवारणी करून आलेला बाप त्याच कपड्यांत त्याला उचलतो. हे सर्व अंगठ्यावाटे पोटात जाऊ शकते. म्हणून,

1. मुलाला खताच्या पोत्यावर बसवू नये. गोधडी किंवा धुतलेले कापड अंथरावे.
2. फवारणी किंवा बेणेप्रक्रिया झाल्यावर साबणाने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मुलाला घ्यावे.
3. औषधाचे डबे कुलपात ठेवावेत. रिकामा डबा पाण्याला किंवा खेळायला देऊ नये.
4. मुलाचे हात दिवसातून अनेकदा साबणाने धुवावेत, नखे कापावीत. अंगणवाडीत जंताच्या गोळीचा दिवस चुकवू नये.

औषध तोंडात गेल्याची शंका आली, मुलाला लाळ सुटली, उलटी किंवा घाम आला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. 108 ला फोन करावा आणि डब्यावरचा कागद बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

हे कधीही करू नका

अंगठ्याला बिब्बा लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, ओठ-तोंड सुजते. मिरची लावली, तर तोच हात डोळ्यांत जातो. तंबाखू तर विषच आहे. हात बांधणे, चटका देणे, पाहुण्यांसमोर चिडवणे यांनी सवय सुटत नाही. मूल घाबरते आणि कोपऱ्यात जाऊन जास्त चोखते.

हे करा

दोन-तीन दिवस नुसते लक्ष ठेवा, मूल कोणत्या वेळी अंगठा चोखते? भुकेच्या वेळी असेल, तर खाऊ वेळेवर द्या. कंटाळ्याने असेल, तर दोन्ही हात गुंततील असे काम द्या. शेंगा सोलणे, मातीचे बैल करणे. झोपेच्या वेळी असेल, तर जवळ घेऊन थोपटा, गोष्ट सांगा. झोप लागल्यावर अंगठा हळूच काढून घ्या. चार वर्षांपुढच्या मुलाला समजावून सांगा. अंगठा न चोखलेल्या दिवशी कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खूण करायला लावा आणि शाबासकी द्या. त्याला चालत असेल, तर रात्री हातात मोजा घालावा. एखादा दिवस चुकला, तर रागावू नका.

ही माहिती घरातल्या आजीला आणि थोरल्या ताईलाही वाचून दाखवावी. दिवसभर मूल त्यांच्याच कडेवर असते.