घरची बिअर आणि घरची आंबील

गेल्या महिन्यात रोह्याच्या दवाखान्यात एक तरुण हाताला फडके गुंडाळून आला. मनगटाच्या वर काचेने चांगली दोन इंच जखम झाली होती. टाके घालता घालता कारण विचारले तर म्हणाला, "बाटली पडली." सोबत आलेली आई मात्र गप्प बसणारी नव्हती. "पडली कसली डॉक्टर, फुटली! बार उडाल्यासारखा आवाज झाला. माळ्यावर काय काय करून ठेवलंय, ते विचारा त्याला."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. मोबाईलवर पाहून त्याने घरीच बिअर करायला घेतली होती. भंगारातून निळा ड्रम आणला, त्यात बार्ली, साखर आणि बेकरीचे यीस्ट घालून चार दिवस ठेवले आणि ते पाणी सोड्याच्या बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसवली. त्यातलीच एक फुटली होती. मी रागावलो, तेव्हा त्याने आपली बाजू मांडली. "डॉक्टर, घरची म्हणजे शुद्ध. आणि बिअर म्हणजे काही दारू नव्हे. मुतखड्यावर तर ती चांगली असते म्हणतात."

ही तिन्ही वाक्ये मी पेणलाही ऐकतो आणि रोह्यालाही. बोलणारे चांगले शिकलेले असतात. म्हणून आजचा लेख या विषयावर.

बिअर होते कशी?

आधी कृतीमागचे शास्त्र पाहू, कारण ते समजले की धोका कुठे आहे तेही समजते. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. धान्य भिजवून त्याला मोड आणले की दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होते. त्याला अमायलेज म्हणतात. आपल्या लाळेतही ते असते. मोडाचे धान्य वाळवून, भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवले की हे अमायलेज पिष्टाची साखर करते. ते गोड पाणी गाळून उकळतात. उकळताना हॉप नावाच्या वेलीची फुले घालतात, त्यांनी कडवटपणा येतो. पाणी निवले की यीस्ट घालतात. यीस्ट ही एक सूक्ष्म बुरशी. ती साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते. एक अल्कोहोल, दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू.

पाश्चरचे नाव आपण दुधामुळे ऐकतो. परंतु लुई पाश्चरने बिअर का नासते याचाही कसून अभ्यास केला होता आणि त्यावर 1876 साली ग्रंथ लिहिला. त्याला आढळले ते असे की, आंबवणारे जंतू हवे ते असले तर बिअर होते, नको ते शिरले तर ती नासते. कारखान्यात या कामासाठी प्रयोगशाळा असते. माळ्यावर ती नसते.

घात कुठे होतो?

पहिला धोका भांड्याचा. आपल्या भागात रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे वापरलेले ड्रम आणि कॅन भंगारात स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन साबणाने धुऊन जात नाही. आंबट आणि अल्कोहोल असलेले पाणी ते अधिकच ओढून घेते. बिअर तर सोडाच, असल्या ड्रममध्ये पिण्याचे पाणीही साठवू नये. मे महिन्यात टंचाईच्या दिवसांत अनेक घरांत हेच ड्रम दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरा धोका बाटलीचा. साखर पुरती संपण्याआधी बूच लावले की यीस्ट आतल्या आत वायू करीत राहते. कोकणातल्या उकाड्यात हे काम फार झपाट्याने होते. काच तो दाब सोसत नाही. या मुलाचे हातावर निभावले, तुकडा डोळ्यात गेला असता तर टाके घालून भागले नसते.

तिसरा धोका सर्वांत मोठा. विषारी दारूने माणसे मरतात ती मिथेनॉलमुळे. धान्य आंबवताना मिथेनॉल फारसे तयार होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मग 2004 च्या डिसेंबरात विक्रोळीला आणि 2015 च्या जूनमध्ये मालवणीला एवढे बळी कसे गेले? मालवणीत तर शंभराहून अधिक माणसे दगावली. कारण अशा दारूत मिथेनॉल बाहेरून मिसळलेले असते. घरच्या प्रयोगातही पाऊल इथेच घसरते. केलेली बिअर "लागत नाही" असे वाटते, मग कोणीतरी सुचवतो की थोडे स्पिरिट घाल. कारखान्यातले स्पिरिट, रंगकामाचे थिनर, पॉलिशचे स्पिरिट यांत मिथेनॉल असू शकते. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही.

मिथेनॉल पोटात गेल्यावर पहिले काही तास माणूस नुसता झिंगलेला दिसतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होण्यास वेळ लागतो. बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखणे, उलट्या, जोरजोराने श्वास आणि धुक्यातून पाहिल्यासारखे अंधुक दिसणे सुरू होते. पिऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी "दिसत नाही" म्हणाला, तर लिंबूपाणी पाजून झोपवू नका. 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. सोबत प्यायलेल्या सर्वांनाही न्या, त्यांना त्रास होत नसला तरी. यावर उतारा आहे, रक्तशुद्धीची म्हणजे डायलिसिसची सोय आहे. पण उशीर झाला तर जीव वाचूनही दृष्टी जाऊ शकते.

"बिअर म्हणजे दारू नव्हे"

आता थोडे गणित करू. मोठी बाटली 650 मिलिलिटरची. साध्या बिअरमध्ये 5 टक्के अल्कोहोल धरले तर बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर अल्कोहोल झाले. व्हिस्कीचा मोठा पेग 60 मिलिलिटरचा, त्यात 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 26 मिलिलिटर. म्हणजे एक बाटली साधी बिअर ही एका मोठ्या पेगपेक्षा जास्त भरते. 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर एका बाटलीत 52 मिलिलिटर, पुरते दोन मोठे पेग! यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही, ते अल्कोहोल मोजते. घरच्या बिअरवर तर टक्केवारीही लिहिलेली नसते.

अल्कोहोलने कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मान्य केले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे.

मुतखड्याचे म्हणाल, तर बिअरने लघवी जास्त होते हे खरे. पण नंतर शरीर कोरडे पडते. शिवाय बिअरमुळे रक्तातले युरिक आम्ल वाढते आणि काही खडे त्याचेच बनतात. मुतखड्याच्या रोग्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. आपल्या उन्हात त्यासाठी तीन लिटर किंवा अधिक पाणी लागते. हेच औषध, आणि ते नळाला येते. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये.

शेवटी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि आजही लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणे हा गुन्हा आहे, स्वतःपुरती केली तरी. ती करण्याचे साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हाच. बिअर यात सुटत नाही.

मग आंबवण्याची हौस?

त्या मुलाला मी म्हटले, "अरे, तुला मोड आणणे, आंबवणे यात गोडी आहे ना? मग आपल्या वरकस जमिनीवर पिकते ती नाचणी घे." हिमालयात सिक्कीमकडे नाचणी आंबवून तोंगबा नावाचे मादक पेय करतात. आपल्याकडच्या शहाण्या बायांनी त्याच नाचणीची आंबील केली. तीही आंबवूनच होते, पण तिच्यातले जंतू दह्यातल्या जंतूंच्या जातीचे. ते आम्ल करतात, नशा नाही.

पीठ असे करावे. नाचणी निवडून, धुऊन बारा तास भिजत घालावी, मध्ये एकदा पाणी बदलावे. मग ओल्या स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावी. दीड दिवसात बारीक मोड येतात. त्या कडक उन्हात वाळवाव्यात, चोळून मोड झाडावेत, मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजून दळाव्यात. फार भाजले तर अमायलेज मरते. पावसाळ्यात हे करू नये. दाणे नीट वाळत नाहीत आणि बुरशी धरते. कुबट वास आला तर सगळे फेकून द्यावे.

आंबिलीसाठी अर्धी वाटी पीठ एक वाटी पाण्यात कालवून स्टीलच्या भांड्यात रात्रभर ठेवावे. झाकण सैल असावे, बाटली आणि बूच नको. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा लागतात. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत सोडावे, आठ-दहा मिनिटे शिजवावे. निवल्यावर दोन वाट्या ताजे ताक, जिरे, ठेचलेली लसूण आणि बेताचे मीठ. वर रंगीत बुरशी किंवा घाण वास दिसला तर चाखूनही पाहू नये.

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोड आणल्याने आणि आंबवल्याने त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते, त्यामुळे लहान मुलाच्या एका वाटीत जास्त पीठ जाते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला द्यायची ती न आंबवलेली, ताजी, मऊ पेज. वर्षापर्यंत तिच्यात मीठ-साखर नको. ती मंद आचेवर चढवावी, म्हणजे अमायलेजला काम करायला वेळ मिळतो. रक्तदाबवाल्यांनी आंबिलीत मीठ कमी घालावे. मधुमेह्यांनी वाटी मोजून घ्यावी.

टाके काढायच्या दिवशी मुलगा बाहेर गेल्यावर त्याची आई मागे थांबली. म्हणाली, "याचे वडीलसुद्धा 'फक्त बिअर' म्हणतच लागले होते, डॉक्टर." पुढे काही बोलली नाही. मला तिच्या त्या दिवशीच्या रागाचे कारण तेव्हा कळले. ते गृहस्थ आजही रोज पितात. त्यांना माझ्याकडे घेऊन या, असे मी तिला सांगितले, आणि अशा प्रत्येक घराला सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने रागाच्या भरात एकदम बंद करू नये. हातपाय कापणे, भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हेच काम करीत आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आणि तो ड्रम? तो परत भंगारात देऊ नका, दुसरा कोणी पाण्याला नेईल, असे मी बजावले होते. मुलाने त्याला आरपार भोके पाडून मगच तो दिला. त्याचे एवढे काम मात्र मला मनापासून आवडले.