स्लॉकेट बसवण्याआधी

भाच्या, सोयगावातल्या लग्नपत्रिकावाल्याचं जुनं मशीन टेबलावर आलं की लगेच "भंगारात टाका" म्हणू नकोस. त्याच्या मागच्या पॅरलल पोर्टात श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक खोचलेलं असतं. नव्या बोर्डाला बहुधा तो पोर्टच नसतो, मग लॉक लावशील कुठे? म्हणून बोर्ड ठेवायचा आणि प्रोसेसर बदलायचा. ४४०बीएक्सचा बोर्ड असेल तर तो हातचा सोडूच नये. १९९८ साली आलेला हा चिपसेट, पण त्याच्यासारखा टिकाऊ मी दुसरा पाहिला नाही.

बोर्डावरच्या स्लॉट १ ला २४२ टोकं, कॉपरमाइन नावाच्या पेंटियम थ्रीच्या चौकोनी चिपला ३७० पिना. मधे बसतो तो स्लॉकेट, एक साधी उभी पट्टी. तो घेताना 'कॉपरमाइन चालतो का' हे आधी विचार. सुरुवातीचे स्लॉकेट फक्त जुन्या सेलेरॉनसाठी निघाले होते. त्यांत कॉपरमाइन बसतो छान, पण स्क्रीन काळीच राहते.

मग व्होल्टेज. जुन्या सेलेरॉनला २ व्होल्ट लागत, कॉपरमाइनला साधारण १.६५ ते १.७५. किती हवेत हे चिप बोर्डाला स्वतःच सांगते, पण सुरुवातीच्या काही बोर्डांचा रेग्युलेटर १.८ च्या खाली उतरतच नाही. स्लॉकेटवरचे जंपर फक्त चिपच्या वतीने वेगळा आकडा सांगतात, वीज काही ते तयार करत नाहीत. तेव्हा रेग्युलेटरच्या चिपचा नंबर वाच आणि त्याची डेटाशीट उघड. दुकानदाराच्या "चालेल हो साहेब"वर जाऊ नकोस.

चिप १०० मेगाहर्ट्झ बसचीच घे. ८५० वाली उत्तम. १३३ ची घेतलीस तर बीएक्सवर एजीपी ६६ ऐवजी ८९ वर पळतो आणि बिचारं ग्राफिक्स कार्ड कुरकुरतं. बायोस जुना असेल तर आधी जुन्याच प्रोसेसरवर अपडेट करून घे.

आता हाताचं काम. कॉपरमाइनचा गाभा उघडा असतो, निळसर काचेसारखा, नखाएवढा. पंख्याची क्लिप एका बाजूने दाबलीस की त्याचा कोपरा उडालाच. स्लॉकेट टेबलावर आडवा ठेव, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लाव, हीटसिंक सपाट टेकव आणि मगच क्लिप ओढ. स्क्रूड्रायव्हर निसटला तर पट्टीवरच्या रेघा कापल्या जातात, म्हणून खाली जाड पुठ्ठा धर. वाकलेली पिन शिसपेन्सिलीने नको, ०.५ च्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने सरळ कर. स्लॉटात जाणारी टोकं खोडरबरने पूस, भुगा ब्रशने झटक. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत तंतू पंख्यात गुंडाळून बसतात, तेही काढ.

पहिल्यांदा चालू करताना फक्त रॅम आणि डिस्प्ले कार्ड ठेव. बायोसमध्ये शिरून आधी व्होल्टेज बघ, तापमान नंतर.

काढलेली पेंटियम टूची कार्ट्रिज मात्र पिशवीत घालून मालकाच्या हातात दे. ऐन लग्नसराईत मशीन अडलं तर तीच परत खोचता येते.