सहवाचक आणि कादंबरी : आवडीच्या देवाणघेवाणीचा विचार

१

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात लेखक, कलाकृती आणि समीक्षक या तिघांची दखल विस्ताराने घेतली गेली आहे. वाचकाचा निर्देश मात्र बहुधा ‘लोकप्रियता’ या एका शब्दापुरताच राहिला. अमुक कादंबरी लोकप्रिय झाली, असे म्हटले की तिच्या वाचकांविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही, असा समज त्यामागे दिसतो. ती कोणी कोणास वाचावयास दिली, कोणत्या शब्दांत तिची शिफारस केली, तिच्यातील कोणत्या प्रसंगावरून दोन वाचकांत मतभेद झाले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. वस्तुतः कादंबरी छापली जाणे आणि तिच्यावर समीक्षालेख येणे या दोन घटनांच्या मध्ये तिचे खरे आयुष्य सुरू झालेले असते. ते एका वाचकाकडून दुसऱ्या वाचकाकडे जाण्याचे आयुष्य होय. प्रस्तुत लेखात या देवाणघेवाणीचे स्वरूप आणि अभ्यासाच्या दृष्टीने तिचे मोल पाहावयाचे आहे.

येथे तीन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. ‘आवड’ ही व्यक्तिगत असते. ती कोणापुढे सिद्ध करावी लागत नाही. ‘शिफारस’ ही सामाजिक कृती आहे. तीत दुसऱ्याचा वेळ आणि विश्वास गुंतलेला असल्याने कारण द्यावे लागते. ‘निर्णय’ हा निकषांच्या आधारे केला जातो. तो समीक्षेचा प्रांत आहे. आवडीपासून निर्णयापर्यंतची वाट शिफारशीतून जाते. ‘ही कादंबरी वाचा’ या विधानाला ‘का?’ हा प्रश्न भिडला की आवडीला शब्द शोधावे लागतात. समीक्षेचा आरंभ याच क्षणी होतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ ही संकल्पना दिली. सतत काव्यानुशीलनाने ज्याचे मन संस्कारित झाले आहे, असा तो रसिक. परंतु सहृदयाचे नाते प्रामुख्याने कवीशी आणि कृतीशी आहे. सहवाचकाचे नाते त्याखेरीज दुसऱ्या वाचकाशीही आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या आपल्या व्याख्यानात वाचकाच्या ‘अपेक्षाक्षितिजा’ला साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी आणले, तर स्टॅन्ली फिश यांनी अर्थनिर्णय करणाऱ्या समुदायाची कल्पना मांडली. या दोन्ही कल्पना मराठी कादंबरीला लावावयाच्या, तर असे समुदाय येथे कोठे व कसे घडले, हे प्रथम पाहावे लागते.

२

मराठी कादंबरीचा पहिला वाचकसमुदाय घरात घडला, असे म्हणता येते. साक्षरता अल्प आणि स्त्रियांचे वाचन निषिद्धप्राय, अशा काळात एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे ही पोथीवाचनाची रीत घरोघरी होतीच. मुद्रित गद्य या रूढ वाटेने घरात शिरले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्यांतून भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखविल्या आहेत. त्याच कृती सहवाचनाच्या दृष्टीने पाहिल्या, तर प्रत्येकीतून वेगळ्या प्रकारचा संवाद संभवतो. बाबा पदमनजींची विधवांच्या दुःस्थितीविषयीची कृती वादाला आमंत्रण देते. हळबे यांची अद्भुतरम्य कथा पुन्हा सांगितली जाण्यासाठी जणू रचलेली आहे. तिची देवाणघेवाण म्हणजे कथानकाची देवाणघेवाण. गुंजीकरांची ऐतिहासिक कृती समान स्मृती जागी करते आणि श्रोत्यांना एकत्र बांधते. वाद, पुनर्कथन आणि स्मरण हे सहवाचनाचे तीन प्रकार पुढील काळातही टिकून राहिलेले दिसतात.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाने (१८९०) या घरगुती वाचनाला नियमितपणा दिला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली व १८९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. क्रमशः प्रकाशनाचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. एका प्रकरणानंतर दुसऱ्या प्रकरणाची वाट पाहावी लागते, आणि हा मधला अवकाश संभाषणाचा असतो. यमूचे पुढे काय होणार, हा प्रश्न ज्या घरात विचारला जाई, त्या घरात यमूच्या वयाच्या मुली आणि केशवपन झालेल्या स्त्रियाही असण्याचा संभव होता. अशा घरात ‘कादंबरी आवडली’ हे विधान केवळ रुचीचे राहत नाही. यमूची बाजू घेणे म्हणजे घरातील रूढीविषयी काही बोलणे होय. कृतीचे शीर्षकही प्रश्नरूप आहे आणि त्याचे उत्तर वाचकांनी परस्परांत शोधावयाचे आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने सहवाचक मिळणे ही किती दुर्लभ गोष्ट होती, हे आत्मचरित्रांवरून कळते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीच्या आग्रहाने चाललेले शिक्षण आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध या दोहोंचे चित्र आहे. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचा प्रवासही विवाहोत्तर अक्षरओळखीपासून ‘रंगराव’सारख्या कादंबरीच्या लेखनापर्यंतचा आहे. कानिटकर दांपत्य आणि हरिभाऊ यांचा साहित्यिक स्नेह प्रसिद्ध आहे. वाचलेल्या व लिहिलेल्या मजकुराची चर्चा हा त्या स्नेहाचा एक आधार होता. येथे सहवाचन लेखनाची पूर्वतयारी ठरते. ज्या स्त्रीला आपली आवड कोणापुढे मांडता आली, तिला पुढे स्वतःचे म्हणणे मांडण्याचे बळ मिळाले. उलट ज्या असंख्य स्त्रियांनी लपून वाचले, त्यांची आवड शब्दांविना विरून गेली. कादंबरीच्या इतिहासातील हे मौनही अभ्यासाचा विषय आहे.

३

घराबाहेर हा समुदाय ग्रंथालयांनी विस्तारला. रत्नागिरीचे नगर वाचनालय (१८२८), पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) या संस्थांनी ग्रंथ जतन केले, त्याचबरोबर परस्परांस अपरिचित अशा वाचकांना एकाच प्रतीने जोडले. वर्गणी व अनामत भरून पुस्तक नेणाऱ्या वाचकाला त्याआधीच्या वाचकाच्या खुणा पानापानांवर भेटत. अधोरेखने, समासातील शेरे, क्वचित त्या शेऱ्याला दुसऱ्या हाताने दिलेले उत्तर, हा ग्रंथपालाला न रुचणारा, तथापि अभ्यासकाला मोलाचा पुरावा आहे. देवघेवीच्या जागी बसणारा कर्मचारीही अनेकदा शिफारस करणारा पहिला जाणकार असे. वाचकाने पूर्वी काय नेले होते, हे ध्यानात ठेवून पुढील पुस्तक सुचविणे ही एक प्रकारची उपयोजित समीक्षाच होय.

साठच्या दशकात दोन भिन्न समुदाय एकाच वेळी कसे नांदत होते, याचे उदाहरण म्हणून ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘कोसला’ (१९६३) यांकडे पाहता येते. रणजित देसाई यांच्या कादंबरीत माधवराव पेशव्यांचे चरित्र आणि रमाबाईंशी असलेले त्यांचे नाते वाचकाच्या पूर्वपरिचित इतिहासाशी जुळते. त्यामुळे ती कुटुंबातील सर्व वयांच्या वाचकांनी एकमेकांस सहज द्यावी अशी आहे. स्मरणाचा प्रकार येथे प्रबळ आहे. नेमाडे यांच्या पांडुरंग सांगवीकराचे निवेदन मात्र कुटुंब, शिक्षण आणि प्रतिष्ठित भाषा या सर्वांपासून दुरावलेल्या तरुणाचे आहे. खेड्यातून शहरातील महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याने आपल्यासारख्याच दुसऱ्याला ती द्यावी, हे तिच्या आशयाशी सुसंगत आहे. अशा देण्यात ‘ही चांगली आहे’ यापेक्षा ‘हे आपले आहे’ असा भाव अधिक असतो. याउस यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘स्वामी’ अपेक्षाक्षितिजाची पूर्ती करते आणि ‘कोसला’ ते मोडते. परंतु मोडलेल्या क्षितिजाच्या जागी नवे क्षितिज एकट्या वाचकाला उभारता येत नाही. त्यासाठी सहवाचक लागतो.

वाचकांची ही परस्परशिफारस पुढे संस्थारूपही झाली. ‘ललित’ मासिकाच्या ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या उपक्रमाने वाचकाच्या आवडीला छापील स्थान दिले. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने स्वतःस वाचक चळवळ म्हणविले, आणि तिने १९७८ मध्ये प्रकाशित केलेले दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन ज्या वाचकांच्या अनुभवविश्वात ते जग नव्हते, त्यांच्याही हाती गेले. आपल्यासारख्यालाच पुस्तक देण्याची मर्यादा येथे ओलांडली गेली, हे लक्षणीय आहे.

४

या मर्यादेचा विचार केल्यावाचून सहवाचनाचा गौरव एकांगी ठरेल. समानशील वाचकांचा समुदाय रुचीला आधार देतो, तसाच तिला कुंपणही घालतो. एकाच वर्तुळात फिरणारी शिफारस सवय बनते, आणि सवयीला कारण विचारले जात नाही. अशा वेळी शिफारस पुन्हा आवडीच्या पातळीवर उतरते. म्हणून सहवाचनाचे मोल एकमतापेक्षा कारणे देण्या-घेण्यात, विशेषतः मतभेदात, अधिक आहे.

पदव्युत्तर वर्गात या विचाराचा प्रत्यक्ष उपयोग आहे. विद्यार्थी कादंबरी वाचण्यापूर्वीच तिच्याविषयीचे निर्णय टिपणांतून पाठ करतो. त्याची स्वतःची आवड परीक्षेला निरुपयोगी म्हणून गप्प राहते. परिणामी निकष हाती असतात, परंतु ते लावावयाचे कशाला, हा अनुभवच नसतो. वर्गातील प्रत्येकाने नेमलेल्या कादंबरीतील एक आवडलेले व एक खटकलेले स्थळ कारणासह नोंदवावे, नोंदींची अदलाबदल करावी, आणि दुसऱ्याच्या नोंदीला उत्तर लिहावे. त्यानंतरच समीक्षाग्रंथ हाती घ्यावेत. या क्रमाने गेल्यास समीक्षेची परिभाषा उसनी न राहता गरजेपोटी येते. संशोधकांपुढचे काम वेगळे आहे. ग्रंथालयांच्या जुन्या देवघेव-नोंदी, शेरे असलेल्या प्रती, खाजगी पत्रव्यवहार ही साधने जीर्ण म्हणून निकालात काढली जातात, तेव्हा वाचकांच्या इतिहासाचे एकेक पान नाहीसे होत असते. निदान आपल्या परिसरातील एका ग्रंथालयाच्या अशा साधनांची सूची करणे, हे कोणत्याही मराठी विभागाला अवघड नाही.

कादंबरी लिहिणारा एकटा असतो आणि वाचणाराही बहुधा एकटाच असतो. हे दोन एकांत जोडण्याचे काम तिसरी व्यक्ती करते. वाचून झालेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती ठेवणारी. मराठी कादंबरीचा इतिहास तिची नोंद घेईल, तेव्हा ‘लोकप्रियता’ या शब्दाला अर्थाचे वजन येईल.