सी की रस्ट? क्रम चुकवू नये

सी आणि रस्ट या दोन्ही सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या भाषा. ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, मायक्रोकंट्रोलर अशी हार्डवेअरला खेटून असलेली कामे त्यांत होतात. सी १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली. ग्रेडन होअर यांनी सुरू केलेल्या रस्टला मोझिलाने वाढवले. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली.

खरा फरक मेमरीच्या हिशेबात आहे. दहा घरांच्या अ‍ॅरेत अकराव्या घरात आकडा लिहिला, तर सी बहुधा हूं की चूं करत नाही. शेजारची माहिती बिघडते आणि चूक भलतीकडेच उघडी पडते. रस्ट प्रोग्राम तिथेच थांबवते. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा मिळाली, त्यामागे हीच सुरक्षितता होती. तरीही त्या कर्नलचा बहुतांश भाग आजही सीमध्येच आहे. ‘सी संपली’ ही नुसती हाकाटी.

वेबसाइट, अ‍ॅप किंवा डेटाचे काम करायचे असेल, तर दोन्ही भाषा बाजूला ठेवाव्यात. जावा किंवा पायथन पुरे.

वाशीम जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते ती एम्बेडेडची, म्हणजे उपकरणातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याची वाट. फोनवरून मोटारपंप चालू-बंद करणारा स्टार्टर शिवारात ओळखीचा झाला आहे. एक फेज गेली किंवा व्होल्टेज उतरले की मोटार बंद करायची, हा निर्णय त्यातला मायक्रोकंट्रोलर घेतो. अशा चिपचा प्रोग्राम बहुतेकदा सीमध्येच असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यालाही ही वाट खुली आहे. अभियांत्रिकी पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये एम्बेडेड सिस्टिमचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो.

पालकांनी सोयाबीन विकून पुण्याच्या क्लासची फी भरण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे: दोन्ही भाषांचे कंपायलर फुकट मिळतात, रस्टचे अधिकृत पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे, साधा लॅपटॉप चालतो. सीमधला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, न समजलेल्या मुलाला रस्टच्या महागड्या कोर्सला बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. शेजारच्या मुलाचे पॅकेज हा भाषा निवडण्याचा निकष नव्हे. एका चुकीचा माग काढत तासन्‌तास बसण्याची ज्याला आवड नाही, त्याला या क्षेत्रात ढकलूच नये.

पहिल्या वर्षी सी, दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर आणि लिनक्स, त्यानंतर रस्ट. हा क्रम पाळणाऱ्याला दोन्हींतून एक निवडण्याची वेळच येत नाही.