मॉरिशस बेट : ऊस, मजूर व व्यापार

(वाचन : अनुवाद २४:१४, १५, याकोब ५:१–६)

हिंगोली, कळमनुरी, सेनगांव या बाजूच्या वाचकांस ‘उचल’ व ‘कोयता’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाहीं. दिवाळी आटोपली कीं किती घरांस कुलूप लागतें, व रविवारच्या उपासनेंत किती जागा रिकाम्या राहतात, हें गांवोगांवचे उपदेशक जाणतातच. म्हणून आज आम्ही ज्या देशाची माहिती देणार आहों तो दूरचा असला तरी अगदीं परका वाटणार नाहीं.

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरांत असलेलें बेट असून आफ्रिकेंतील देशांत त्याची गणना होते. रॉड्रिग्ज वगैरे लहान बेटें धरून त्याचें क्षेत्रफळ सुमारें २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या शिरगणतींत आपल्या जिल्ह्याची वस्ती ११ लाख ७७ हजार भरली होती. एका जिल्ह्याएवढ्या लोकांचें हें स्वतंत्र राज्य आहे. तेथें मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच लोक आले व १७१० सालीं निघून गेले. पुढें फ्रेंचांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून मळे उभारले. १८१० सालीं बेट इंग्रजांच्या हातीं गेलें.

१८३५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मालकांस भरपाई मिळाली. गुलामांस कांहीं मिळालें नाहीं. मग ऊस तोडणार कोण? मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलस’ जहाजांतून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरीं उतरले होते. पुढील सुमारें पाऊणशें-ऐशीं वर्षांत साडेचार लाखांवर माणसें त्या वाटेनें गेलीं. बहुतेक बिहारकडील व मद्रासकडील, परंतु मुंबईच्या बंदरांतून गेलेले मराठी लोकही त्यांत होते. त्यांपैकीं पुष्कळ रत्नागिरीकडचे. आरंभींचा करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये व शिधा. हा करार म्हणजेच ‘गिरमीट’. त्यांतील एक रीत वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी : एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारी मनुष्य बरा होईपर्यंत ऋणी होऊन बसे. आपल्याकडेही खाडा झाला कीं मुकादम रक्कम कापतो. दोहोंत अंतर किती, हें वाचकांनींच ठरवावें.

या लोकांची दाद लावणारा मनुष्य स्वतः मळ्याच्या व्यवहारांतलाच निघाला. आडोल्फ द प्लेव्हित्स यानें १८७१ सालीं ९,४०१ मजुरांच्या सह्या-निशाण्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्याला बेटांतून हांकलून द्यावें, अशी मळेवाल्यांनीं मागणी केली. परंतु १८७२ सालीं चौकशी मंडळ नेमावें लागलें, व अर्जांतील गाऱ्हाणीं बहुतेक खरीं ठरलीं. त्याच्याही पूर्वीं, १८१४ सालीं, लंडन मिशनरी सोसायटीचे जां लब्रं तेथें गेले होते. त्यांनीं गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या मुलांकरितां शाळा चालविली. अक्षर ओळखणाऱ्यास फसविणें कठीण जातें.

आतां व्यापाराविषयीं. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला तेव्हां त्याची मदार जवळजवळ एकट्या साखरेवर होती. १९६० च्या कॅरोल नांवाच्या वादळानें उसाची मोठी नासाडी केली होती; जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालच्या अहवालांत भवितव्य कठीण दिसतें असें म्हटलें होतें. तें तसें झालें नाहीं, कारण १९७० पासून कापड शिवण्याचे कारखाने निघाले, मग प्रवासी येऊं लागले, पेढ्या वाढल्या. १९७५ च्या करारानें युरोप ठरल्या भावानें साखर घेई. तो आधार २००९ सालीं सुटला, तरी देश बुडाला नाहीं. चिपाडावर वीज निघते, व साध्या साखरेऐवजीं खास प्रकारची साखर परदेशीं जाते. हळदीवर किंवा एकाच पिकावर सारें घर टाकणाऱ्यांनीं हें पाहण्यासारखें आहे.

हिंदुस्थानांतून तेथें खनिज तेल, औषधें, धान्य जातें. १ एप्रिल २०२१ पासून उभय देशांत व्यापार करार अंमलांत आहे. आफ्रिकेंतील देशाशीं हिंदुस्थानानें केलेला हा पहिलाच असा करार. १९८२ च्या करविषयक कराराचा आधार घेऊन धनिकांचा पैसा मॉरिशसमार्गें इकडे येई व कर चुके. २०१६ सालीं तो करार बदलावा लागला. व्यापाराचा हा भाग आम्हांस फारसा भूषणावह वाटत नाहीं.

मजुरांचे पणतू आज तेथें शिक्षक, वकील, मंत्री आहेत. मराठी घराणीं बहुधा हिंदु असून गणेश चतुर्थीची तेथें सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवितात. ख्रिस्ती लोक सुमारें एक तृतीयांश आहेत. ज्या घाटावर मजूर उतरत तो २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जतन केला आहे.

पाठ चालवितांना उपदेशकांनीं मंडळीस विचारावें : याकोबाच्या पत्रांत कोणाची मजुरी ओरडते? गिरमीट व उचल यांत सारखें काय, निराळें काय? या हंगामांत आपल्या गांवांतून जे जातील त्यांच्या उचलीचा हिशेब त्यांच्या हातीं लिहिलेला असतो, कीं केवळ मुकादमाच्या वहींत? आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस तो कोण वाचून दाखवील?